पूरबचावाच्या सरावानंतर नोंदी कशा लिहाव्यात

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि त्याच महापुरात ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. त्यानंतर आमच्या गावातील तरुण दर उन्हाळ्यात बोटीचा सराव करू लागले. मात्र सराव संपला की बोट काठावर ओढून सगळे घरी जात आणि पुढच्या वर्षी त्याच चुका नव्याने होत.

म्हणून नोंदी त्याच दिवशी, घाटावरच, अंगावरचे कपडे ओले असतानाच लिहाव्यात. सर्वांना गोल बसवून आधी काय ठरले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे विचारावे. सर्वांत लहान मुलाला प्रथम बोलू द्यावे, कारण गावातील जाणत्या माणसाने एकदा मत दिले की पोरे त्याच्यापुढे तोंड उघडत नाहीत.

खरे कष्ट नोंदीच्या शब्दांत असतात. ‘दोर कमी पडला’ एवढेच लिहिल्यास पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला काहीच उमगत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘30 मीटरचा दोर काठावरच्या झाडाला बांधला, पण झाड पाण्यापासून लांब असल्याने तो बोटीपर्यंत पोहोचला नाही, पुढील सरावापूर्वी 50 मीटरचा दोर आणावा, जबाबदारी साहित्य सांभाळणाऱ्याची, मुदत 15 मे.’ घटना, कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत या पाचही गोष्टी आल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असे मानू नये. सोबत त्या दिवशीची पाणीपातळी, प्रवाहाचा जोर, बोटीतील माणसांची संख्या आणि घड्याळाप्रमाणे लागलेला वेळ लिहावा, कारण उन्हाळ्यातल्या संथ पाण्यात जमलेली गोष्ट पुरातही जमेल असा समज घातक ठरतो.

चूक लिहिताना नाव न घालता काम लिहावे, म्हणजे ‘इंजिन सांभाळणाऱ्याने इंधनाची नळी तपासली नव्हती’. नाव घातले की पुढच्या वेळी माणूस चूक लपवतो. जे नीट जमले तेही लिहावे; एका वर्षी जॅकेटचे पट्टे काठावरच बांधून घेतल्याने बोट लवकर सुटली, ही नोंद आम्हाला फार उपयोगी पडली.

पुढील सरावाच्या सकाळी पाण्यात उतरण्यापूर्वी मागील पाने मोठ्याने वाचावीत आणि पूर्ण झालेल्या उपायांपुढे खूण करावी. एकच चूक तिसऱ्यांदा आढळल्यास माणसांना दोष न देता उपाय बदलावा, कारण बहुधा तोच चुकीचा असतो.

वही शाईऐवजी पेन्सिलने लिहावी, म्हणजे भिजली तरी अक्षरे फुटत नाहीत. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत बोटीच्या साहित्यासोबत ठेवावी आणि दुसरी गावातील उंचावरच्या घरात, जिथवर 2019 मध्ये पाणी पोहोचले नव्हते.