लांब केसांना पर्म करायचाय? आधी टाकीत पाणी आहे का विचारा

मी आत्तापर्यंत सात वेळा पर्म केलाय, म्हणजे औषध लावून सरळ केस कुरळे करून घेतलेत. पुरुष आहे, केस खांद्याच्या खाली चार बोटं, राहतो फोंड्याजवळ. हे आधीच सांगतो कारण अधूनमधून कोणीतरी पोरगा येऊन विचारतो, दादा पर्म करू का, टक्कल पडेल का, आणि त्याला कुणीतरी शहाण्याने सगळं उलटंसुलटं सांगून ठेवलेलं असतं. टाळू भाजू दिली नाही तर टक्कल पडत नाही. औषध काम करतं ते बाहेर आलेल्या केसावर, मूळ कातडीच्या आत असतं. बिघडलेल्या पर्ममध्ये केस मधेच तुटतात, आणि उशीवर ढीग दिसला की माणूस "गळायला लागले" म्हणून बोंब मारतो.

दुसरा प्रश्न, बायकी दिसेल का. केविन कीगन पर्म केलेलं डोकं घेऊन फुटबॉल खेळायचा आणि १९७८, १९७९ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोव्यात एवढं सांगितलं की बस होतं.

आता कामाचं. जून ते सप्टेंबर करू नका, केस सुकतच नाहीत. चवथीला मिरवायचंय म्हणून ऑगस्टमध्ये पार्लर गाठणारे असतात, त्यांना माझा नमस्कार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. टोकं फाटलेली असतील तर आधी दोन इंच कापा, ती जाणारच आहेत. आदल्या दिवशी खोबरेल नको, टाळूला जखम किंवा खाज असेल तर तारीख पुढे ढकला.

मेंदीबद्दल मात्र खोटं बोलू नका. पार्लरवाला विचारेल तेव्हा "नाही हो, कधीच नाही" म्हणायची आपल्याला सवय असते. मेंदीचा केसावर थर बसतो, औषध सगळीकडे सारखं आत जात नाही, मग अर्धं डोकं कुरळं आणि अर्धं नुसतं विस्कटलेलं. काही पुड्यांच्या रंगात धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर पर्मचं औषध पडलं तर केस तापून तुटूही शकतात. आणि रिबाँडिंग केलेले, म्हणजे औषधाने कायमचे सरळ केलेले केस असतील तर विषय तिथेच संपला, ते वाढून कापले जाईपर्यंत थांबा. शंका असेल तर मानेजवळची एक बट आधी करून बघायला सांगा, तासभर जाईल पण डोकं वाचेल.

मग रॉड, म्हणजे केस ज्याच्यावर गुंडाळतात ती नळी. फोटो दाखवून "असं करा" म्हणू नका, फोटोतल्या माणसाचे केस तुमचे नाहीत. रॉड हातात घेऊन बघा, जेवढा तो जाड तेवढी कुरळ्याची गोलाई. बारीक रॉडने लांब केस केले की मेंढी होते, आणि लांबी निम्म्यावर आल्यासारखी वाटते ती वेगळीच. खांद्याखालच्या केसांना लांब रॉडवर उभे, वळत वळत गुंडाळलेले चांगले, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत एकसारखं वळण येतं. आडवे गुंडाळले तर टोकं आत दडतात आणि घट्ट होतात, वरचे नुसते लाटांसारखे राहतात. हे गुंडाळायलाच दीड-दोन तास जातात, मोबाईल चार्ज करून जा.

औषध लावल्यावर वास येतो, सडलेल्या अंड्यासारखा, त्याला इलाज नाही. मधेमधे एखादा रॉड दीड वेढा सोडून बघायला लावा, केस थोडा मुळाकडे ढकलला की इंग्रजी एस सारखा स्पष्ट वाकला पाहिजे. वाकला की वेळ झाली, घड्याळ काहीही म्हणो.

आता खरी गोष्ट. पर्म बिघडतो तो बहुतेक वेळा इथून पुढे, औषध काढताना, आणि याबद्दल कोणी बोलतच नाही. सगळे औषधाची कंपनी विचारतात. भारीतलं औषध आणि घाईघाईचं धुणं यापेक्षा साधं औषध आणि नीट धुणं मी कधीही घेईन.

होतं असं की पहिलं औषध केसातले गंधकाचे जोड तोडतं, म्हणूनच केस रॉडचा आकार घेतो. दुसरं औषध, ज्याला पार्लरमध्ये न्यूट्रलायझर म्हणतात, त्या नव्या आकारात ते जोड परत बांधतं. मधे जे धुणं आहे त्यात पहिलं औषध पूर्ण निघालं पाहिजे. आत राहिलं तर ते जोड तोडतच बसतं, इकडे तुम्ही बांधायला घेता आणि तिकडे तोडणं चालूच. वर केसात पाणी जास्त राहिलं तर न्यूट्रलायझर पातळ होतं आणि बांधणं कच्चं राहतं. म्हणजे भरपूर धुवायचंय आणि मग कडक टिपायचंय, दोन्ही, रॉड डोक्यावर असतानाच.

माझा पहिला पर्म एप्रिलमधला. दुपारचे तीन, पार्लर कुठलं ते सोडा. पंचेचाळीसेक रॉड डोक्यावर, मान बेसिनवर मागे टाकलेली, पोराने पाणी सोडलं आणि मिनिटभरात नळ खोकायला लागला. पोरगा वर बघून म्हणतो, "बाब, उदक सोंपलें." टाकी रिकामी. मग बादलीत शिल्लक होतं ते दोन तांबे ओतलं, टॉवेल एकदा डोक्यावरून फिरवला आणि न्यूट्रलायझर थापलं. मीही गप्प बसलो, मला काय कळत होतं. मानेवर कापसाची वात होती ती औषधाने भिजलेली तशीच राहिली, रात्री तिथे लाल पट्टा उठला आणि आठवडाभर कॉलर लागली की झोंबायचं. कुरळे? दहाव्या दिवशी मागचे सरळ, पुढचे वाकडे, आणि टोकं हातात घेतली की काथ्यासारखी. तात्या बघून म्हणाले, नारळ सोलून उरतं ते डोक्यावर ठेवलंयस काय.

तेव्हापासून माझे नियम पक्के. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून जायचं, टाकी भरलेली असते. खुर्चीत बसायच्या आधी विचारायचं, पाणी किती आहे, कोमट मिळेल का. रॉड लावलेले असताना कमीत कमी पाच मिनिटं धुवायचं, लांब केसांना मी सात-आठ मिनिटं मागतो, धार जोरात नको पण सतत हवी, आणि मानेकडच्या खालच्या ओळीतले रॉड हमखास सुटतात, तिथे स्वतः बोट लावून "इथे पण" सांगायचं. लाजायचं नाही. मोबाईलवर वेळ लावून ठेवा, पोराला राग येईल, येऊ दे.

मग टिपणं. इथे मी घरून जुने सुती पंचे नेतो, चार तरी. पार्लरचा जाड टॉवेल वरच्यावर फिरतो, रॉडमधलं पाणी ओढत नाही. पंचा एकेका रॉडवर ठेवून अंगठा आणि दोन बोटांनी दाबायचा, चोळायचा नाही, चोळला की वेढा सैल होतो. पंच्यावर ओला डाग पडायचा थांबेपर्यंत दाबत राहायचं, ओला झाला की दुसरा घ्यायचा. पंचेचाळीस रॉडना पंधरा मिनिटं जातात. कोणी म्हणेल हेअर ड्रायर मारतो, पटकन होईल, तर नको, औषधाचं काम अजून संपलेलं नाही, त्यात वरून गरम हवा कशाला. मानेवरची आणि कपाळावरची कापसाची वात टाकून नवी कोरडी लावायला सांगा. ही एक गोष्ट माझ्यासाठी विसरू नका, तो लाल पट्टा मला अजून आठवतो.

पुढचं सोपं. न्यूट्रलायझर पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ, सगळ्या रॉडवर, मग रॉड ओढून न काढता उलट्या वेढ्याने अलगद सोडवायचे, परत एकदा धुणं, झालं.

घरी जाताना हेल्मेटची पंचाईत. कुरळे अजून ताजे असतात, हेल्मेट दाबून बसलं की डोक्याभोवती खाच पडते. हेल्मेट न घालता स्कूटर चालवा असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी कदंबची बस पकडा किंवा कोणाची तरी गाडी मागा. दोन दिवस पाणी नको, बांधणं नको, कानामागे खोचणं नको. त्यानंतर सौम्य शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस नुसता कंडिशनर. कंगवा रुंद दातांचा आणि तोही केस ओले असताना, सुक्यावर फिरवलात तर झाडू होईल. समुद्र आणि स्विमिंग पूल दोन आठवडे लांबूनच बघा, मीठ आणि क्लोरीन दोन्ही केस वाळवतात. विहिरीच्या पाण्याने बादलीवर तांबूस थर बसत असेल तर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या.

तीन-चार महिन्यांनी मुळं सरळ दिसायला लागतात, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर, कारण आतून केस होते तसेच येत राहतात. तेव्हा परत करायचा तर फक्त नव्या वाढीला करा. जुन्या कुरळ्यांवर कंडिशनर चोपडून प्लास्टिक गुंडाळायला सांगा, म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा औषध जाणार नाही. पार्लरवाला म्हणेल एवढं कशाला, सगळ्यालाच लावूया, पैसे तेवढेच. तेव्हा उठून दुसरीकडे जा, पंचे परत पिशवीत घालून.