कार्ब्स कमी, चालणं सुरू : या चुका टाळा

सोमवारी भात, ब्रेड, बटाटा, साखर, फळं, सगळं एका फटक्यात बंद. त्याच पहाटे पाच किलोमीटर धावणं. बुधवारी डोकं ठणकतं, गुरुवारी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. शनिवारी वजनकाटा दोन किलो कमी दाखवतो आणि सगळं भरून पावतं. त्या आनंदात रविवारी ‘एकच दिवस’ म्हणून ताव मारला जातो, आणि मंगळवारी काटा पुन्हा होता तिथे. मग निष्कर्ष तयारच असतो : “माझ्या शरीराला हे मानवत नाही.” या नाटकाचे संवादही आता पाठ झालेत.

शरीराचा यात काही दोष नाही. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब्स (पिष्ट आणि साखर) तोडले की आधी हा साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. शनिवारचे दोन किलो बहुतांशी तेच. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. पाच-सहा दिवसांत दोन किलो चरबी जाळायची तर रोज अडीच-तीन हजार कॅलरींची तूट हवी, बऱ्याच जणांचा तर दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो. रविवारी जेवलात, साठा भरला, पाणी परत आलं. चरबी ना त्या शनिवारी फारशी गेली होती, ना मंगळवारी परत आली.

डोकेदुखी आणि चक्कर हे आणखी वेगळं प्रकरण. कार्ब्स कमी झाले की इन्सुलिन उतरतं, आणि ते उतरलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. त्यामागोमाग पाणीही जातं. नेमकं याच आठवड्यात ‘हेल्दी’ म्हणून मीठही तोडलेलं असतं आणि धावून घाम गाळलेला असतो. मग चक्कर येईल नाही तर काय? रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर त्या आठवड्यात मीठ कमी करू नका. पाव चमचा मीठ घातलेलं एक कप पातळ सूप दिवसातून एकदा पुरतं. नुसतं लिटर-लिटर पाणी ढोसल्याने उलट उरलंसुरलं सोडियमही पातळ होतं.

मुळात एकदम तोडायचंच कशाला? पहिल्या आठवड्यात फक्त पिण्यातली साखर बंद करा : चहा-कॉफीतली, शीतपेयांतली, फळांच्या रसातली. दुसऱ्या आठवड्यात भात-ब्रेड निम्मा. तिसऱ्यात बिस्किटं आणि मधलं चरणं. दिवसाला १०० ते १३० ग्रॅम कार्ब्सपर्यंत आलात तरी भरपूर झालं. ५० ग्रॅमच्या खाली जाणं हा वेगळा खेळ आहे, नवशिक्याने एकट्याने खेळायचा नव्हे.

मोजताना आणखी एक घोळ होतो : कच्चं आणि शिजलेलं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्स असतात, १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ८०च्या जवळपास. वजन एकाचं आणि आकडा दुसऱ्याचा घेतला की सगळा हिशेब कोसळतो. शिजलेलंच तोला. दोन आठवडे तोललं की नजर तयार होते, मग काटा लागत नाही.

<b>गोळ्या तशाच ठेवून ताट बदलणं</b>

या चुकीला गंमत म्हणून सोडता येत नाही. मधुमेहासाठी घेतलेल्या इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांचा डोस जुन्या ताटाला बेतलेला असतो. ताट अर्धं केलं आणि डोस तोच ठेवला तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ जाणवला आणि साखर ७० मिग्रॅ/डेलीच्या खाली असली तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी डाएट मोडेल म्हणून थांबायचं नसतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गटातल्या गोळ्यांचा धोका निराळा : कार्ब्स फार कमी झाले तर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून ॲसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, घडू शकतं. मळमळ, उलट्या, धाप लागली तर थेट रुग्णालय. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही डोस बदलावा लागू शकतो. डॉक्टरांना आधी सांगा, चक्कर आल्यावर नव्हे.

<b>काढलं, पण घातलं काहीच नाही</b>

भात गेला आणि ताटात रिकामी जागा राहिली, की रात्री नऊला फ्रिज उघडतो. आधी प्रथिनं ठरवा : किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४. एका अंड्यात ६च मिळतात, त्यामुळे नाश्त्याला एक अंडं खाऊन ‘प्रोटीन झालं’ म्हणू नका. शिजलेल्या कडधान्यांत १०० ग्रॅमला ९च्या आसपास प्रथिनं आहेत, पण सोबत २० ग्रॅम कार्ब्सही येतात, ते धरा. पालेभाज्या, कोबी, काकडी पोटभर खा, नाहीतर चौथ्या दिवशी बद्धकोष्ठ. बदाम मात्र मोजून घ्या, १०० ग्रॅममध्ये ५८०च्या जवळपास कॅलरी असतात आणि टीव्हीसमोर तेवढे सहज संपतात.

<b>व्यायाम</b>

धावायला कुणी सांगितलंय? चाला, पण फोन बघत रेंगाळू नका. बोलता यावं पण गाता येऊ नये असा वेग हवा, म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. आठवड्याला १५० मिनिटं हे ध्येय पुरेसं आहे. दहा हजार पावलांच्या आकड्याने घाबरू नका, तो १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आलेला आहे. मोठ्या जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललात तर जास्त फायदा : आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात.

नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा ताकदीचंही काही हवं. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, ८ वेळा, असे ३ फेरे. इथे बहुतेक जण खाली येताना धपकन बसतात आणि अर्धा व्यायाम वाया घालवतात. तीन सेकंद मोजत खाली या. गुडघे आत वळू देऊ नका, पावलांच्या रेषेत ठेवा, टाचा जमिनीवर. उठताना श्वास सोडा, रोखू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणं ठीक, सांध्यात टोचल्यासारखं दुखणं ठीक नाही.

बाकी थोडक्यात :

‘शुगर-फ्री’ बिस्किटात बहुधा मैदा असतो.

अर्धा तास चालून जेमतेम १२०-१५० कॅलरी जातात, त्या बदल्यात केक मिळत नाही.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तीन आठवड्यांनी तपासून पैसे घालवू नका.

वजन रोज बघायचंच असेल तर सकाळी, शौचानंतर, आणि आठवड्याची सरासरी काढा. त्याहून बरी टेप, कमरेचा घेर मोजायला : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. महिन्यातून एकदा मोजा.