मिरवणुकीकडे पाठ करा

कॅमेरा घेतल्यावरच्या पहिल्याच उत्सवात मी एका संध्याकाळी ६४० फोटो काढले. त्यातले पाचशेच्या वर एकाच सजवलेल्या रथाचे. डावीकडून, उजवीकडून, जवळून, लांबून, आणि कुणाचा तरी हात मध्येच आलेला. घरी आल्यावर आईला दाखवले. तिने सगळे मुकाट्याने बघितले आणि विचारलं, "यात माणसं कुठे गेली?"

तेव्हापासून एकच नियम पाळते. सगळे जिकडे बघतायत तिकडे पाठ करायची आणि बघणाऱ्यांना बघायचं. हा शोध अर्थात माझा नाही. १९३७ साली लंडनमध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार राजाला सोडून राजाला बघायला जमलेली गर्दीच टिपत राहिला. हे मला फार नंतर कळलं. आईचं आधी.

मी दिवसभर आकडे जुळवते, कॅमेरा हा सुटीचा उद्योग. त्यामुळे खाली जे सांगतेय ते एक कॅमेरा, एक लेन्स आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असलेल्यांसाठी.

मिरवणूक सातला निघणार असेल तर पाचला पोचा. तयारीच्या वेळी कुणी पोज देत नाही, कारण कुणाला वेळच नसतो. माझा सगळ्यात आवडता फोटो असाच मिळाला. एक ढोलवाला पायरीवर बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होता, पट्टीचं टोक दातात धरलेलं. वाजवायला लागल्यावर तो चाळिसातला एक झाला असता. जनरेटरपाशी ताटकळणारा वायरमन, कुणीतरी हातात दिलेल्या चपला सांभाळत उभा असलेला माणूस, हे सगळे तेव्हाच सापडतात.

लवकर जाण्याचं दुसरं कारण उजेड. सूर्य मावळल्यानंतर वीस मिनिटं ते अर्धा तास (ठिकाण आणि ऋतू यांप्रमाणे थोडं कमी-जास्त) आकाश गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. दोन्हींचा उजेड तोडीस तोड असल्यामुळे एकाच फोटोत दोन्ही नीट येतात. नंतर आकाश काळं ठिक्कर पडतं आणि दिव्यांचे नुसते पांढरे ठिपके उरतात. या वेळात पाणी प्यायलाही थांबू नका.

लेन्स एफ १.८ ची (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं), ३५ किंवा ५० मिमी. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स पुढे ताणली की बहुधा एफ ५.६ वर येते, आणि एफ १.८ मधून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. रात्रीच्या कामात हा फरक म्हणजे सर्वस्व. शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, मी १/१२५ सेकंदावर ठेवते, नाचणाऱ्यांसाठी १/५०० वर, आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटोवर सोडून त्याची मर्यादा ६४०० करते. फोटो दाणेदार आला तर चालतो, चेहरा हललेला चालत नाही. शिवाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा फोटो किती उजळ किंवा गडद हवा, ते) उणे १. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं करायचं असतं. रात्र दाखवलीत तर तो तिचाही उजेड करायला जातो आणि फोटोत दिवे पांढरेफटक होतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे पिवळे-लाल चेहरे घरी निवांत सुधारता येतात.

आता पट्ट्यांची गोष्ट. एकदा सगळ्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले. मला वाटलं कॅमेरा गेला, दुरुस्तीलाही नेला. बिघाड माझ्यातच होता. आवाज नको म्हणून मी सायलेंट शटर (पडदा न हलवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालणारं) लावलं होतं. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण सायलेंट शटर चित्र ओळीओळीने वाचतं आणि ते सगळं पकडतं. उपाय असा की मेकॅनिकल शटर (खरा पडदा हलणारं) वापरायचं आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवायचा. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२५. काही एलईडी माळा स्वतःच्याच लयीत लुकलुकतात, म्हणून आधी दोन चाचणी फोटो काढून झूम करून बघा.

हलणं मुद्दाम हवं असेल तर मात्र मजा आहे. १८३८ च्या सुमारास छायाचित्रणाचे एक आद्य जनक, फ्रान्सचे दागेर, यांनी पॅरिसमधला एक वर्दळीचा रस्ता टिपला. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालती माणसं, गाड्या सगळं पुसलं गेलं. बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा स्थिर उभा होता म्हणून उरला. हीच युक्ती गर्दीत करायची. कॅमेरा कठड्यावर किंवा खांबाला घट्ट टेकवा, आयएसओ १००, एफ ८, शटर १/२ सेकंद, आणि वाहत्या गर्दीत थबकलेलं एक माणूस शोधा. मुलाला शोधणारी बाई, फोनवर पत्ता सांगणारा म्हातारा. गर्दीची नदी होते आणि ते एकटंच स्पष्ट राहतं. विसातला एखादा साधतो. मला कधी कधी तोही नाही.

फ्लॅश बंद ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून पुढचा चेहरा चुन्यासारखा आणि मागचा उत्सव अंधारात.

रंगाची पूड किंवा धूळ उडत असेल तर लेन्स अजिबात बदलू नका. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड. काचेवर पूड बसली तर आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) उडवा. तशीच पुसलीत तर कण ओरखडे पाडतात. माझ्या जुन्या लेन्सवर पुरावा आहे.

आतषबाजीसाठी ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, दोन ते चार सेकंद, फोकस हाताने लांबवर लावून ठेवलेला. पण खरं सांगू? ते फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. मी तेव्हाही मागे वळते. वर वळलेल्या शे-दीडशे चेहऱ्यांवर एकाच वेळी हिरवा, मग लाल उजेड पडतो, आणि तोंडं उघडी.

माणसांचे फोटो काढताना मी कॅमेरा किंचित उचलून नजरेने विचारते. मान हलली नाही तर खाली घेते. लहान मुलं असतील तर बरोबरच्या मोठ्यांना तोंडाने विचारते. काढलेला फोटो लगेच दाखवला की निम्मा संकोच जातो.

घरी आल्यावर आठवडाभर फोटो उघडत नाही. दमलेल्या डोळ्यांना सगळेच चांगले वाटतात. मग बारा निवडते, बाराच, आणि त्यांतले दोन-तीन छापून पुढच्या वर्षी त्या त्या माणसाला नेऊन देते. ढोलवाल्याला दिला तेव्हा त्याने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, बोटंच आलीत की. तोंड कुठंय?" मग ढोल गळ्यात अडकवून, केस सारखे करून समोर ताठ उभा राहिला. तोही काढला. त्याच्या घरात तो लागलाय. बोटांचा माझ्याकडे आहे.