मूल २:५० ला ‘तीन पन्नास’ वाचत असेल तर : माझा अनुभव

माझी सहा वर्षांची मुलगी पूर्ण तास अचूक सांगत असे. पण २:५० झाले की ठामपणे ‘तीन पन्नास’ म्हणे, कारण तेव्हा तासकाटा ३ च्या अगदी जवळ आलेला असतो. तक्ते आणि पुठ्ठ्याचे घड्याळ निरुपयोगी ठरले. पुठ्ठ्याचे काटे सुटे फिरतात, त्यामुळे तासकाटा दर मिनिटाला अर्धा अंश पुढे सरकतो हे त्यात दिसतच नाही. रोजच्या त्या गोंधळाने मी हताश झाले होते.

अखेर दादरच्या आमच्या घरातले जुने भिंतीवरचे घड्याळ उघडले, सेकंदकाटा सरळ वर ओढून काढला, मधला नट सैल करून मिनिटकाटा काढला आणि घड्याळ केवळ तासकाट्यावर चालू ठेवले. दोन आकड्यांमधली जागा म्हणजे एक घर, आणि काटा ज्या घरात असेल त्याचा मागचा आकडा हाच तास, एवढेच विचारत राहिले. काटा ३ ला पोचेपर्यंत २ च्याच घरात असतो, हे तिने काचेविना, काट्याजवळ डोळे नेऊन पडताळले. ती न चुकता सांगू लागल्यावरच, तासकाटा नेमका आकड्यावर असताना मिनिटकाटा १२ वर बसवला (ही जुळणी चुकली तर सगळेच चुकते) आणि पाचाच्या पाढ्याने मिनिटे शिकवली. आता पावणेतीनला ती आधी ‘दोन’ म्हणते, मग ‘पंचेचाळीस’.