मिठाच्या ढिगाला दरवाजा नसतो! मिठागरातल्या या चुका टाळा

कॅरिबियनमधल्या टर्क्स अँड केकोस बेटांच्या जुन्या झेंड्यावर मिठाचे पांढरे ढीग होते, धंदाच तो होता ना तिथला. पण लंडनमध्ये ज्याने चित्र पक्कं केलं त्याला म्हणे ते ढीग बर्फातली इग्लू वाटली आणि त्याने एकाला चक्क काळा दरवाजा काढून दिला. डोक्यावर रणरणतं ऊन आणि झेंड्यावर इग्लू, घ्या!

तर हसू नका, मिठागराबद्दल आपणही असेच दरवाजे काढत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका खड्ड्यात समुद्राचं पाणी भरायचं आणि ते पूर्ण आटायची वाट बघत बसायचं. मी स्वतः केलंय हे. कोकणातून कॅन भरून पाणी आणलं, गच्चीवर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओतलं, आठवड्याने खरवडलं तर तळाशी खडूसारखी पूड, वर ओलसर मीठ आणि चव अशी कडू की थुंकलो. झालं काय होतं तर एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात पण ते सगळं काही आपलं खायचं मीठ नसतं. पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं (पाणी किती दाट झालं ते मोजणाऱ्या बोमे मीटरवर साधारण २५-२६ डिग्री), आणि सगळ्यात शेवटी मॅग्नेशियम, तेच कडू आणि तेच हवेतला ओलावा ओढणारं. म्हणून टर्क्समधल्या सॉल्ट के किंवा ग्रँड टर्क या बेटांवर एक तळं कधीच नव्हतं, तळ्यांची रांग होती, मध्ये लाकडी फाटकं, पवनचक्क्यांनी पाणी पुढच्या तळ्यात ढकलायचं. जिप्सम मागच्या तळ्यात राहतं, मीठ शेवटच्या तळ्यात धरतं, आणि २९-३० डिग्रीला उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं. मीठ बनवणं म्हणजे पाणी आटवणं नाही हो, पाणी वेळेवर हलवणं. शेवटचं पाणी टाकायला जीव होत नाही तिथेच माल बिघडतो.

अंडं तरंगलं की पाणी तयार, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अंडं १०-१२ टक्क्यांच्या आसपासच तरंगतं, मीठ धरायला २६ टक्के लागतात. साधा बोमे मीटर घ्या.

पाऊस आला की लोक पॅनिक होऊन पाणी ढवळतात. अजिबात नको. गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं, तेवढ्यात वरचंवर सोडून दिलं तर खालचं मीठ बऱ्यापैकी वाचतं. आणि नुसतं ऊन बघून जागा निवडू नका. ऊन आपल्याकडे काय कमी आहे का, पण कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून आपली मिठागरं पावसाळ्यात बंद, आणि कॅरिबियनमधल्याच बोनेअर बेटावर वर्षाला ५०० च्या आसपास, वर सतत वाहणारा व्यापारी वारा. बाष्पीभवनात त्या वाऱ्याचाही मोठा वाटा धरा.

पाणी गुलाबी झालं म्हणून घाबरून तळं रिकामं करणारेही असतात. अहो तो रंग खारं पाणी पचवणाऱ्या शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा आहे, केमिकल सांडलेलं नाहीये. गडद पाणी ऊन जास्त शोषतं, म्हणजे फायदाच. बोनेअरच्या पेकेलमेर या खाऱ्या तळ्यावर याच खाऱ्या पाण्यातल्या बारक्या किड्या-कोळंब्यांवर फ्लेमिंगो जगतात.

आता धंद्याबद्दलची चूक. हे मीठ ताटात वाढायला जात होतं असं वाटतं, पण त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मासे. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे बर्म्युडाचे लोक टर्क्सवर मीठ ओढायला यायला लागले, ते मीठ उत्तर अमेरिकेत जायचं, तिथे कॉड मासा खारवला जायचा आणि त्यातलाच हलक्या प्रतीचा खारा मासा परत कॅरिबियनमध्ये, मळ्यांवरच्या गुलामांच्या जेवणाला. पुढे बहामाजमधल्या ग्रेट इनाग्वासारख्या बेटावर यंत्रं आली, आणि टर्क्सवर मात्र मीठ पोत्यांतून होड्यांत, होड्यांतून लांब उभ्या जहाजावर. १९६० च्या दशकात बहुतेक सगळं संपलं. मीठ चांगलं होतं, चढवायची सोय नव्हती.

आणि 'निवांत बेटावरचं काम' म्हणू नका. मेरी प्रिन्स ही गुलाम बाई ग्रँड टर्कच्या तळ्यांत राबली, तिची हकीकत १८३१ मध्ये लंडनला छापली गेली, त्यात ती सांगते की दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना फोड यायचे आणि ते हाडापर्यंत खात जायचे.

बोनेअरला गेलात तर दक्षिण किनाऱ्यावर छोट्या छोट्या घरांची रांग दिसेल, पर्यटक त्यांना मिठाची गोदामं समजून सेल्फी काढतात. ती १८५० मध्ये गुलामांसाठी बांधलेली घरं आहेत, फक्त झोपण्यापुरती. आठवडा संपला की माणसं रिंकोन गावात आपल्या घरी चालत जायची, सात-एक तास. इथे दरवाजा खरा आहे, कमरेइतका, वाकून आत शिरावं लागतं.