१३६६ ला आठनं भाग जात नाही: व्हीजीए बायोसमध्ये नवं रिझोल्यूशन घालणाऱ्यांसाठी

लॅमिंग्टन रोडवरून सेकंड-हँड लॅपटॉप आणला की स्क्रीन बहुतेक वेळा १३६६×७६८ निघते. मग क्यूएमूतल्या (हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) मशीनलाही तेवढंच हवं म्हणून लोक थेट सीबायोसचा, म्हणजे क्यूएमूच्या बायोसचा, सोर्स उघडून बसतात; आतल्या ओएसला स्क्रीनचे मोड सांगणारी व्हीजीए बायोसची रॉम त्यातूनच बांधली जाते. आधी गरज आहे का ते बघा. गेस्ट, म्हणजे आत चालणारी ओएस, आजचं लिनक्स असेल तर कर्नलचा बॉक्स (Bochs, व्हर्च्युअलबॉक्स नव्हे) ड्रायव्हर बायोसची यादी विचारतच नाही; व्हीजीए डिव्हाइसला एक्सरेस, वायरेस दिलं की एडिडमधून, म्हणजे मॉनिटर स्वतःबद्दल सांगतो त्या माहितीतून, काम भागतं. यूईएफआयवरचा, म्हणजे बायोसऐवजी नव्या फर्मवेअरवर सुरू होणारा, गेस्ट ही रॉम वापरत नाही. व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांना एक्स्ट्राडेटात ‘कस्टमव्हिडिओमोड१’ पुरतो. रॉम बांधायची ती जुन्या विंडोजसाठी, ग्रबच्या (ओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूसाठी किंवा स्वतः लिहिलेल्या ओएससाठी.

बांधणं सोपं आहे. सीबायोसच्या सोर्समध्ये ‘मेक मेनूकॉन्फिग’ चालवलं की पर्यायांचा मेनू उघडतो; त्यात व्हीजीए रॉमचा प्रकार डिफॉल्टला ‘नन’ असतो, तो बॉक्स व्हीबीई करा. शेजारचा ‘ओरिजिनल आयबीएम २५६ के’ घेतलात तर हाय-रिझोल्यूशन मोड एकही मिळणार नाही. मग बॉक्सव्हीजीएच्या सी फाइलमध्ये मोडची यादी आहे, तिथे जवळची ओळ कॉपी करून रुंदी, उंची, बिट बदला. मोड नंबर न वापरलेला हवा आणि हेक्स १एफएफच्या आत हवा, कारण त्यावरचे बिट फ्लॅग म्हणून कापले जातात.

आता आठचं प्रकरण. १३६६ भागिले ८ म्हणजे १७०.७५. क्यूएमूचं डिव्हाइस रुंदी मुकाट आठच्या पटीत खाली आणतं, म्हणजे १३६०. पण तुमची रॉम गेस्टला सांगते की ३२ बिटला एक ओळ १३६६ × ४ = ५४६४ बाइटची आहे. डिव्हाइस ५४४० नं वाचतं. फरक २४ बाइट, म्हणजे ६ पिक्सेल. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ६ पिक्सेल उजवीकडे सरकते आणि साधारण २२७ ओळींत चित्र एक अख्खी फेरी मारतं. स्क्रीनवर तिरक्या पट्ट्या दिसतात, एरर मात्र कुठेच येत नाही. माणूस रात्रभर पॅलेट, बिट डेप्थ, ड्रायव्हर बदलत बसतो. काही बदलू नका. १३६०×७६८ लिहा, कडेचे सहा पिक्सेल सोडून द्या. नजरेला कळतही नाही, खरंच.

मोड न चालण्याचं दुसरं कारण मेमरीचं, आणि हे निदान लॉगमध्ये तरी सापडतं. व्हीजीएमेम, म्हणजे व्हीजीए डिव्हाइसची मेमरी, डिफॉल्टला १६ एमबी. २५६०×१६००×४ म्हणजे १,६३,८४,००० बाइट, कसंबसं मावतं. ३४४०×१४४० ला १,९८,१४,४०० लागतात. रॉम तो मोड यादीतून काढून टाकते. व्हीजीएमेम_एमबी ३२ करा, त्यात ३८४०×२१६० सुद्धा बसतं. आयएसए-डीबगकॉन (रॉमचे डीबग संदेश दाखवणारं क्यूएमूचं डिव्हाइस) हेक्स ४०२ पोर्टवर लावून ठेवलात तर ‘रिमूव्हिंग मोड’ अशी ओळ समोर येते. ही सवय पहिल्या दिवशीच लावा.

‘कशाला बांधतोस, हेक्स एडिटरनं तयार रॉममधले आकडे बदल’ असं सांगणारा सिनियर प्रत्येक ऑफिसात असतो. ऐकू नका. ऑप्शन रॉममधल्या (व्हीजीए बायोसही त्यातलीच) सगळ्या बाइटची बेरीज २५६ नं भागून बाकी शून्य यावी लागते. एक बाइट बदललात की सीबायोस रॉम चालवणारच नाही, स्क्रीन काळी. मेक हा हिशेब स्वतः जुळवतं.

तयार फाइल सिस्टीमच्या फोल्डरमधल्या मूळ फाइलवर कॉपी करू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. डिव्हाइसला रॉमफाइल म्हणून पूर्ण पाथ द्या. मशीन लिबव्हर्टमधून (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं टूल) चालत असेल आणि फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये असेल तर परमिशन नाकारली जाऊ शकते. त्यात तुमच्या कोडचा दोष नसतो. शेवटी ग्रबच्या कमांड लाइनवर ‘व्हिडिओइन्फो’ टाइप करा आणि तुमची रुंदी-उंची यादीत आहे का ते बघा. नसेल तर मेमरी आणि मोड नंबर तपासा. असेल आणि तरी चित्र तिरकं असेल, तर आठनं भागून बघा.