क्वीन मेरी २ वर आतली केबिन घेताना

साउदॅम्प्टन–न्यूयॉर्क करणारी प्रवासी बोट क्वीन मेरी २ जानेवारी २००४ पासून धावतेय. आतली, म्हणजे समुद्राकडे खिडकी नसलेली केबिन स्वस्त पडते, पण नुसता भाव बघून ठरवू नका. डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडा. उत्तर अटलांटिक शांत असेलच असं नाही, म्हणून जहाजाच्या मध्यावरची, शक्यतो खालच्या डेकवरची केबिन बघा. पुढच्या टोकाला वर-खाली जास्त होतं, मागच्या टोकाला थरथर जाणवू शकते.

मग त्याच जागी वरच्या डेकवर काय आहे ते तपासा. बुफे सातव्या डेकवर आहे. बरोबर त्याच्याखाली सहाव्यावर खोली मिळाली, तर पहाटे ट्रॉल्यांची घरघर डोक्यावर. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली केबिनही टाळा, पलीकडचं घोरणंसुद्धा ऐकू येतं.

काही आतल्या केबिनना मधल्या लॉबीकडे बघणारी खिडकी असते. दिसायला छान, पण कपडे बदलताना पडदा ओढायचा विसरू नका! बाकीच्यांत दिवा मालवला की मिट्ट काळोख. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा न्या; रात्री बाथरूमचा उंबरठा दिसत नाही. आणि पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे सरकतं, तेव्हा अशा खोलीत गजर लावूनच झोपा.